माणूस निघाला आहे

१

आम्ही लिफ्टची देखभाल करतो. गिरगावापासून प्रभादेवीपर्यंतच्या साठ-बासष्ट जुन्या लिफ्ट आमच्याकडे आहेत आणि त्या दुरुस्त करणारी माणसं दोन. रघुदादा आणि भिवा. दोघांनाही निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. फोन घ्यायला मी. फोन आला की मी आधी "माणूस निघाला आहे" म्हणते आणि मग तो माणूस आत्ता कुठे अडकलाय ते शोधायला लागते. अठरा वर्षं माझं हेच काम.

यात मला फार मोठं पाप वाटत नव्हतं. मुंबईत कुठल्याही दुरुस्तीवाल्याला फोन करा, त्याचा माणूस निघालेलाच असतो. समोरच्यालाही ते माहीत असतं. त्याला धीर हवा असतो, तो आपण द्यायचा.

फक्त एकदा परळच्या एक बाई लिफ्टमध्ये सव्वादोन तास अडकल्या होत्या. दर दहा मिनिटांनी त्यांचा मोबाइलवरून फोन यायचा आणि मी "निघाला हो, निघाला" सांगायची. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. पण त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी ओरडले असते. शेजारच्यांनी दार तोडलं असतं. तुमचा माणूस येतोय म्हणून मी गप्प उभी राहिले."

त्यांचं ते बोलणं मनातून गेलं नाही. पण फोन वाजला की तोंडातून तेच यायचं.

२

यंदा गणपती झाल्यावर आमच्या विजयकर साहेबांनी ठरवलं की ई-मेलचा सर्व्हर आपल्या ऑफिसातच बसवायचा. आमचं फुकटचं खातं एकदा दोन दिवस बंद पडलं होतं, तेव्हापासून ते घुश्शात होते.

"आपलं टपाल दुसऱ्याच्या घरी कशाला?" ते म्हणाले.

त्यांची पुतणी उर्वी कॉम्प्युटरमधली. तिने हात जोडले. "मनमोहनकाका, आजकाल कोणी स्वतःचा मेल सर्व्हर ठेवत नाही. वेड लागेल सगळ्यांना."

"तू बसव. वेडाचं मी बघतो."

वेड मला लागायची वेळ आली. आधी इंटरनेटवाल्यांकडून कायमचा नंबर घ्यायचा होता. त्यांना फोन केला की म्हणायचे, "मॅडम, माणूस निघालाय." चार दिवस तो निघत होता. मला बोलायला तोंड नव्हतं. मग सर्व्हर सुरू झाला तर आमची पत्रं सगळ्यांच्या स्पॅममध्ये जायला लागली. साहेबांनी मला साठ सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांना एकेक फोन करायला लावला.

"काका, जरा स्पॅममध्ये बघता का?"

"ते कुठे असतं?"

"डावीकडे, खाली."

"डावीकडे खाली आमच्या मिसेस बसल्यात."

असे साठ फोन. घशाला कोरड पडली. घोडपदेवला घरी पोचले की कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवायची.

मशीन कुठे ठेवायचं यावरही दोन दिवस गेले. उर्वीला थंड, कुलूपबंद जागा हवी होती. तशी एकच होती. आमचं ऑफिस गुलाबदास बिल्डिंगच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला. आमच्या भिंतीला लागूनच बिल्डिंगच्या लिफ्टचा शाफ्ट आहे. ही लिफ्ट मी इथे कामाला लागायच्या आधीपासून बंद आहे. घरमालक म्हणतो भाडेकरूंनी चालू करावी, भाडेकरू म्हणतात मालकाने. वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली मालकाकडे आणि मालक फोन उचलत नाही. लिफ्टवाल्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद, यावरून आमची जी थट्टा होते ती मी इथे लिहीत नाही.

केबिन वर कुठेतरी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली. खाली, आमच्या बाजूला, लिफ्टचं जुनं सरकतं लोखंडी दार होतं. त्याच्या आत जुने दोरखंड, तेलाचे डबे ठेवायचो. डोक्यावर कचरा पडू नये म्हणून प्लायचं छत ठोकलेलं. उर्वीने तिथे सर्व्हर मांडला. लोखंडी दाराच्या पुढे सुताराकडून लाकडी दार करून घेतलं आणि हवा जायला त्याला मध्यभागी जाळी बसवली. माझी खुर्ची त्या जाळीपासून पाच हातांवर. दिवसभर सर्व्हरची घरघर पाठीत घ्यायची.

"मालनताई, आता शेवटचं," उर्वी म्हणाली. "तक्रारीचा मेल आला की आपोआप एक उत्तर जाणार. काय लिहू त्यात?"

मी तेव्हा फोनवर होते. लालबागचे एक आजोबा कानात ओरडत होते. मी फोनवर हात ठेवला आणि जे तोंडात होतं तेच बोलले.

"लिही, आमचा माणूस निघाला आहे."

३

पहिल्या दिवशी अकरा तक्रारी आल्या. अकरा जणांना एका क्षणात उत्तर गेलं. साहेब खूश. "बघ मालन, तुझा घसा वाचला."

बारावा मेल दुपारी तीनला आला. त्यात लिहिलं होतं:

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली आहे. मी आत आहे. माणूस पाठवा.

माझी चिडचिड झाली. माणसं बिल्डिंगचं नाव का लिहीत नाहीत? आम्ही काय पत्रिका बघून ओळखायचं? मी लिहिलं, "कृपया इमारतीचं नाव व पत्ता कळवा." माझ्या आधीच अर्थात ते ठरलेलं उत्तर गेलेलं होतं.

पंधरा मिनिटांनी पुन्हा मेल. पत्ता नाही. फक्त:

माणूस आला. तोही आत आहे.

रघुदादा दादरला होता, भिवा शीवला. मी दोघांना फोन केला. कोणीही कुठल्याही केबिनमध्ये नव्हतं. कोणाचा तरी फाजीलपणा, असं म्हणून मी चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलची पेटी उघडली तर सगळ्यात वर तेच.

आता नऊ जण आहोत. दाटी होते आहे.

४

उर्वीला बोलावलं. संध्याकाळी कामावरून येताना आली, बॅग खाली ठेवायच्या आधीच वैतागलेली.

"ताई, कोणीतरी मस्करी करतंय. पाठवणाऱ्याचा पत्ता काढते, ब्लॉक करते, संपलं."

ती बराच वेळ स्क्रीनवरच्या बारीक अक्षरांच्या ओळी वाचत राहिली. मग पुन्हा वरून वाचू लागली.

"काय गं?"

"हा बाहेरून आलेलाच नाही. याच मशीनमधून निघून याच मशीनमध्ये आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे ऑफिसातूनच कोणीतरी पाठवलाय. इथे कॉम्प्युटर किती?"

"दोन. एक माझा, एक साहेबांचा. साहेबांना स्वतःचा पासवर्ड आठवत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. "उर्वी, माझ्याकडे असं बघू नकोस. मला जेवायला वेळ मिळत नाही."

ती हसली. मग तिने लाकडी दार उघडलं, सरकतं दार बाजूला केलं आणि इंटरनेटची वायर काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली. माझ्या कॉम्प्युटरचीही काढली. "आता बघू."

आम्ही दोघी बसून राहिलो. सर्व्हर एकटाच घरघरत होता. पाचेक मिनिटांनी ती घरघर किंचित जड झाली, पंख्यावर कोणी हात ठेवावा तशी. वर प्लायवर बारीक काहीतरी सांडल्याचा आवाज आला. उर्वीने वायर परत लावली. माझ्या पेटीत एक मेल होता. वेळ, वायर काढल्यानंतरची.

बाई, वर हवा कमी आहे.

"काहीतरी सेटिंगमधलं असेल," उर्वी म्हणाली. तिने बॅग उचलली. "मला दोन दिवस पुण्याला जायचंय. आल्यावर बघते. तोपर्यंत काही हात लावू नका."

पासवर्ड तिच्याकडे. ती पुण्याला.

५

दुसऱ्या मजल्यावर यशोदाबाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. दुसऱ्या दिवशी मी आले तर त्या जिना उतरून आमच्या दारात उभ्या.

"तुमची माणसं दुपारी झोपू देत नाहीत."

"आमची कोणती माणसं, आजी?"

"भिंतीतली. खोकतात, पाय बदलतात. एवढी माणसं आत घेऊन कसलं काम काढलंय? आणि काढलंय तर उरका की."

मी रघुदादाला कामावर निघण्याआधी थांबवलं. तो आमच्या गावाकडचा, मालवणीच बोलतो. तीस वर्षं लिफ्टमध्ये घालवलेला माणूस, कशाला भीत नाही. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या बंद दारापुढे कोणी तुळशीची रिकामी कुंडी आणि मोडकी खुर्ची ठेवली होती. ती त्याने सरकवली, फटीला बॅटरी लावली आणि वर पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"मालन, ही केबिन खाली इली हा."

"म्हणजे?"

"लिफ्ट बंद पडली तेवा मारलेली माझी खडूची रेघ हा हय. हिचो तळ रेघेच्या वर होतो. आता हातभर खाली दिसता."

"जुनी झाली, सरकली असेल."

तो माझ्याकडे वळला. "तुका अठरा वर्षां झाली गो. रिकामी केबिन खाली येणा नाय. समोर वजन लटकता, ता केबिनपेक्षा जड. ब्रेक सुटलो तर रिकामी केबिन वर जाता. खाली येता ती माणसा भरली की."

जिन्यावर आम्ही दोघंच होतो. आतून काही ऐकू येत नव्हतं. ते मला जास्त वाईट वाटलं, कारण ती शांतता दारामागे कोणीतरी श्वास धरून उभं असल्यासारखी होती.

"मालकाकडसून किल्ली आण, ब्रेक आवळून टाकतंय," रघुदादा म्हणाला आणि प्रभादेवीला गेला. मी मालकाला सात फोन केले. आठव्याला कोणीतरी उचलला आणि म्हणालं, किल्ली घेऊन माणूस निघालाय.

टेबलाशी येऊन मी तक्रारींची वही काढली. मला तेव्हा काय सुचलं ते माहीत नाही. राग आला की मी हिशेब लावत बसते, तशीच लावत बसले. पहिल्या दिवशीच्या अकरा तक्रारी, त्यातल्या रघुदादा आणि भिवाने मिळून चार केल्या. राहिल्या सात. त्या सात ठिकाणी आमचा माणूस निघाला होता आणि पोचला नव्हता. अधिक तो बिनपत्त्याच्या मेलला निघालेला. आठ.

आणि आत आधीपासून असलेलं एक. नऊ.

मी कालचं पान उलटलं. बारा तक्रारी, पाच झाल्या. सात. मी पेटी उघडली नाही. पण ती स्क्रीनवर उघडीच होती.

सोळा जण. माणूस पाठवू नका.

त्याच्या खाली, त्याच मिनिटाला, आमचं उत्तर गेलेलं होतं. आपली तक्रार मिळाली. आमचा माणूस निघाला आहे.

६

"साहेब, ते आपोआपचं उत्तर बंद करा."

साहेब डबा उघडत होते. "का? सगळ्या सोसायट्या खूश आहेत. परळवाले म्हणाले, आता तुमचं काम चोख झालं."

"काम कुठे झालंय? माणूसच जात नाही."

"मालन, माणूस पूर्वीही जात नव्हता."

"साहेब, आत कोणीतरी आहे."

हे बोलताना माझाच आवाज मला वेगळा वाटला. साहेबांनी पोळीचा घास तसाच धरला. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी उठून जाळीशी कान लावला, दोन-तीन मिनिटं तसेच उभे राहिले.

"सर्व्हर आहे," ते म्हणाले. "तू दोन दिवस रजा घे. खरंच घे."

उर्वीला फोन केला, तिचा लागला नाही. मेन स्विच पाडला तर सर्व्हरखालची बॅटरी टिंटिं करत राहिली आणि घरघर चालूच. शेवटी मी लाकडी दार उघडायला गेले. म्हटलं, वायरच उपटते, मग ओरडा खाईन. कडीला हात लावला आणि वरून प्लायवर धूळ पडल्याचा आवाज आला, मग तारेचा ताणल्यासारखा एक लांब सूर. तो माझ्या ओळखीचा आहे. भरलेली केबिन थांबते तेव्हा तो येतो.

मी कडी सोडली.

भुतंखेतं मी मानत नाही. आमच्या चाळीत अंगात येणाऱ्या बायकांना मी लिंबूपाणी पाजलेलं आहे. मी स्वतःला विचारत होते, मालन, तुला नक्की कसली भीती वाटते? केबिनची? आणि मला एकच आठवत होतं, त्या परळच्या बाई. तुम्ही नाही म्हणाला असतात तर.

वर कोणी असो वा नसो, त्यांना कोणी खरं सांगितलेलं नव्हतं. ते एवढ्यासाठी गप्प उभे होते की मी सांगितलं होतं, माणूस येतोय.

७

शुक्रवारी दुपारी साहेब बँकेत गेले होते. रघुदादा आणि भिवा दोघेही प्रभादेवीच्या वाटेवर. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत होता, कोणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या. भर उजेड. सकाळचा मेल स्क्रीनवर उघडा होता.

एकतीस जण. पाय टेकत नाहीत.

मी त्याखाली लिहायला बसले. टायपिंग मला हळू येतं. मी लिहिलं:

"नमस्कार. मी मालन परब, तक्रारी मीच घेते. तुम्हाला जे उत्तर जातं ते खरं नाही. कोणीही निघालेलं नाही. आमच्याकडे दोनच माणसं आहेत आणि ती दुसरीकडे आहेत. मी इतकी वर्षं सगळ्यांना हेच खोटं सांगत आले, त्याबद्दल मला क्षमा करा. तुमच्याकडे कोणी येणार नाही. वाट बघू नका."

पाठवलं. फार हलकं वाटलं. डोळे भरून आले, ते पदराने पुसले आणि उगाचच टेबलावरची वही सरळ केली.

उत्तर लगेच आलं.

मग आम्हीच खाली येतो.

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचत असताना माझ्या पाठीमागची घरघर जड होत होत अगदी खालच्या सुरात गेली. वर यशोदाबाईंचं काहीतरी ओरडणं ऐकू आलं. मग तार बोलू लागली, आता न थांबता, सावकाश, नीट तेल दिलेल्या लिफ्टसारखी. प्लाय करकरलं, वाकलं आणि मोडलं. सर्व्हर थांबला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ऑफिसात शांतता झाली. स्क्रीनवर आलं की सर्व्हर सापडत नाही.

जाळीतून पिवळा उजेड पडला होता, केबिनमधला जुना गोल दिवा असतो तसला. मी उठून दाराकडे वळले. बघायचं नव्हतं, पण पाच हातांवर होतं. जाळीच्या पलीकडे निळा रंग होता. बाह्या, बाह्यांवर बाह्या, खांद्याला खांदा लावून दाबलेल्या, प्रत्येक खिशावर आमच्या कंपनीचं नाव. अगदी पुढे, जाळीला टेकून जे उभं होतं, ते निळ्यात नव्हतं. चेहऱ्यांपर्यंत नजर जायच्या आत मी ती खाली वळवली.

फोन वाजला. अठरा वर्षांची सवय, मी उचलला.

"मॅडम, प्रभादेवीहून बोलतोय. पाऊण तास झाला. आमच्या मिसेस लिफ्टमध्ये आहेत. खरं सांगा, माणूस निघाला का?"

लाकडी दारामागे जुनं लोखंडी दार सरकलं. आतल्या बाजूने.

"हो," मी म्हणाले. "सगळेच निघालेत."